मंद गतीची परीक्षा : जुन्या हिमस्कूटरच्या इंजिनाचे निदान



आपल्या शाळेच्या या स्मृतिव्याख्यानमालेत आजवर साहित्य, संतवाङ्मय, इतिहास आणि सीमाभागातील शिक्षण अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींनी विचार मांडले आहेत. ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते ते सर विज्ञान शिकवीत असत. म्हणूनच बहुधा यंदा संयोजकांनी एका मेस्त्रीला या व्यासपीठावर उभे करण्याचे धाडस केले असावे. मी बेळगावचा. शाळा संपल्यावर उद्यमबागेतल्या एका कारखान्यात हात काळे केले आणि पुढे कॅनडात, ऑन्टॅरिओ प्रांतातल्या सडबरी या निकेलच्या खाणींच्या गावी, यंत्रदुरुस्तीच्या कामात आयुष्याची बरीच वर्षे घालविली. दिवसा खाणीची यंत्रे आणि हिवाळ्याच्या संध्याकाळी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हिमस्कूटर, असा माझा क्रम होता. आज मी बोलणार आहे तो या हिमस्कूटरच्या जुन्या इंजिनाविषयी. त्यातही एकाच दुखण्याविषयी : इंजिन मंद गतीवर नीट चालत नाही, याविषयी.

बेळगावात पाऊस मुबलक आहे, बर्फ मात्र सरबताच्या गाडीवरच भेटतो. मग हा विषय येथे कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याची दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, जुन्या हिमस्कूटरचे इंजिन आणि आपल्या वडिलांच्या पिढीने किका मारमारून चालू केलेल्या स्कूटरचे इंजिन ही सख्खी भावंडे आहेत. दोन्ही दोन-स्ट्रोकची, दोन्ही पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणारी. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. रोग कसा ओळखावा, कोणत्या क्रमाने तपासावा आणि हात केव्हा आवरावा, हे शिकण्यास मंद गतीच्या दुखण्याइतके चांगले उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

प्रथम या वाहनाची थोडी ओळख करून घेऊ. पुढे दोन पट्ट्या, ज्यांना स्की म्हणतात. मागे रबराचा रुंद, फिरता पट्टा. मध्ये बैठक आणि इंजिन. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात व्हालकूर नावाचे एक छोटे गाव आहे. तेथे १९०७ मध्ये जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिए यांचा जन्म झाला. हा तरुण गावातच मोटारदुरुस्तीचे गॅरेज चालवीत असे आणि बर्फावरून धावणाऱ्या वाहनाचे प्रयोग करीत असे. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा इव्हॉन अपेंडिक्सच्या विकाराने आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद झालेले, प्रयोगातले वाहन तयार नव्हते, रुग्णालय दूर राहिले आणि मूल गेले. पुढे १९३७ मध्ये त्यांना पट्टा फिरविणाऱ्या दातेरी चाकाच्या रचनेचे पेटंट मिळाले आणि सात माणसे नेणारी बंदिस्त हिमगाडी त्यांनी बाजारात आणली. एकदोघांना नेणारी हलकी ‘स्की-डू’ आली ती १९५९ मध्ये. आरंभीच्या गाड्यांना चार-स्ट्रोकचे इंजिन होते. थोड्याच वर्षांत ऑस्ट्रियातल्या रोटॅक्स कंपनीची हलकी दोन-स्ट्रोक इंजिने आली आणि पुढची कित्येक दशके हिमस्कूटर म्हणजे दोन-स्ट्रोक असेच समीकरण राहिले. ज्या प्रदेशात हिवाळ्यात तळी गोठतात आणि वस्त्या एकमेकींपासून तुटतात, तेथे हे वाहन निव्वळ मौजेचे नाही. त्याच्या जन्मामागे एका बापाचे दुःख आहे, हे मी कधी विसरलो नाही.

आपल्या देशालाही हे वाहन परके नाही. गुलमर्गला पर्यटकांना ते भेटते. सियाचिनमध्ये सैन्याने ते वापरले आहे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी आपल्या शेजारच्या गोव्यातूनच निघाली होती आणि ध्रुवीय संशोधनाचे आपले राष्ट्रीय केंद्र आजही वास्कोला आहे. तिकडच्या हिमभूमीवर जाणाऱ्या मंडळींना अशा गाड्यांशी परिचय करून घ्यावाच लागतो.

आता मूळ विषयाकडे वळू. रेस सोडलेली आहे, गाडी जागेवर उभी आहे आणि इंजिन आपल्यापुरते चालले आहे, या अवस्थेला आपल्याकडचे मेस्त्री ‘स्लो’ म्हणतात. ‘गाडी स्लोवर बंद पडते’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. वरवर पाहता ही इंजिनाची विश्रांतीची अवस्था. वस्तुतः ती सर्वांत कठीण परीक्षा होय. रेस पूर्ण दिली असता हवा जोराने आत येते, पेट्रोल भरपूर ओढले जाते आणि लहानसहान दोष त्या प्रवाहात वाहून जातात. मंद गतीवर मात्र कार्बोरेटरची सरकती झडप जवळजवळ मिटलेली असते. मुख्य जेट आणि त्याच्या वरची सुई यांच्यापर्यंत ओढ पोहोचतच नाही. सारे पेट्रोल येते ते पायलट जेट नावाच्या एका इवल्याशा छिद्रातून. त्या छिद्राचा व्यास सामान्यतः अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. एवढ्याशा पुरवठ्यावर इंजिनाला सुरळीत श्वास घ्यायचा असतो. म्हणून कोठेही थोडे उणे-अधिक झाले की ते सर्वप्रथम येथे प्रकट होते.

दोन-स्ट्रोक इंजिनाचे आणखी एक वैशिष्ट्य विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. त्याची क्रँककेस म्हणजे खालची पेटी हा एक पंप असतो. पिस्टन वर जाताना हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण प्रथम या पेटीत ओढले जाते आणि पिस्टन खाली येताना ते वरच्या नळकांड्यात ढकलले जाते. त्यामुळे ही पेटी हवाबंद असलीच पाहिजे. चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे ऑइल सील गेले तर जमिनीवर तेलाचा डाग पडतो आणि मालकाला कळते. दोन-स्ट्रोकमध्ये तेच सील गेले तर जमिनीवर बहुधा काहीच दिसत नाही. चोरवाटेने हवा आत शिरते, मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण घटते आणि इंजिन आतल्या आत तापू लागते. या घटलेल्या मिश्रणाला आपण ‘कोरडे’ म्हणू आणि पेट्रोल अधिक झालेल्याला ‘ओले’ म्हणू. आजच्या व्याख्यानापुरते हे दोन शब्द पुरेसे आहेत.

मंद गतीचे दुखणे घेऊन गाडी आली की बहुतेकांचा हात प्रथम कोठे जातो? कार्बोरेटरच्या बाजूच्या स्क्रूकडे. तो पिळला की झडप किंचित उचलली जाते, फेरे वाढतात, गाडी बंद पडायची थांबते आणि गिऱ्हाईक संतुष्ट होते. मित्रहो, सर्वांत घातक दुरुस्ती हीच. ताप आलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालून तापमापक लपविण्यासारखा हा प्रकार आहे. हिमस्कूटरमध्ये त्याचा एक प्रत्यक्ष धोकाही आहे. तिला गिअर नसतात. फेरे वाढले की केंद्रोत्सारी बलाने क्लचच्या चकत्या आपोआप जवळ येतात आणि पट्टा धरतात. जुन्या गाड्यांत मंद गती सामान्यतः मिनिटाला १५०० ते २००० फेरे असते आणि क्लच ३००० च्या पुढेमागे धरतो. स्क्रू पिळत पिळत फेरे तेथवर नेले की रेस न देताही गाडी पुढे सरकू लागते. तिच्यापुढे कोणी उभे असेल तर काय होईल, हे सांगावयास नको.

मग क्रम कोणता असावा? मी जो क्रम पाळीत आलो तो सांगतो. त्यात काही गूढ नाही. सोपे, फुकटचे आणि काही न उघडता होणारे काम आधी, अवघड आणि खर्चाचे नंतर आणि स्क्रू सर्वांत शेवटी, एवढेच त्याचे सूत्र आहे.

आरंभ सुरक्षिततेपासून. थंड मुलुखात माणूस दार लावून काम करतो आणि बंद खोलीत चालणारे इंजिन कार्बन मोनॉक्साइड सोडीत असते. या वायूला ना रंग ना वास. म्हणून बाहेर कितीही थंडी असली तरी इंजिन चालू करताना दार उघडेच हवे. गाडीचा मागचा भाग भक्कम स्टँडवर उचललेला हवा आणि फिरणाऱ्या पट्ट्याच्या मागे कोणी उभे राहता कामा नये, कारण त्यातून खडा किंवा तुटलेला तुकडा गोळीसारखा येतो. गाडी बंद करण्याचे बटण खरोखर चालते ना, हेही आधी पाहावे.

दुसरी पायरी प्रश्नांची. दुखणे केव्हापासून? इंजिन थंड असताना की तापल्यावर? उन्हाळाभर गाडी कशी ठेवली होती? टाकीत पेट्रोल जुने आहे का? अलीकडे कोणी काय बदलले? चोक ओढल्यावर इंजिन सुधारते की बिघडते? हा शेवटचा प्रश्न लाखमोलाचा आहे. चोक म्हणजे जादा पेट्रोल. चोक अर्धा ओढला असता इंजिन सुधारत असेल, तर मिश्रण कोरडे आहे. एक तर पेट्रोल कमी येत आहे, नाही तर हवा अधिक शिरत आहे. इंजिन तापलेले असूनही चोकने काहीच सुधारत नाही, उलट ते गुदमरते आणि धूर वाढतो, तर मिश्रण आधीच ओले आहे. एका हाताच्या हालचालीने निम्म्या शक्यता बाद होतात. चांगला वैद्य नाडी धरण्यापूर्वी रोग्याला बोलू देतो, तसेच हे.

तिसरी पायरी प्लगची. दोन नळकांड्यांचे इंजिन असेल तर दोन्ही प्लग काढून शेजारी ठेवावेत. दोन्ही सारखे काळे आणि ओले असतील तर दोष दोघांना सामाईक आहे. एक तांबूस-तपकिरी आणि दुसरा पांढुरका असेल तर पांढऱ्याच्या बाजूला हवा शिरत आहे किंवा त्याचा कार्बोरेटर तुंबला आहे. एकच प्लग पेट्रोलने न्हालेला असेल तर एका विशेष कारणाचा संशय घ्यावा. या गाड्यांचा पेट्रोलपंप क्रँककेसमधल्या दाबाच्या धक्क्यांवर चालतो आणि ते धक्के एका नळीतून एकाच नळकांड्याच्या पेटीतून येतात. पंपातला पातळ पडदा फाटला की त्याच नळीतून पेट्रोल थेट त्या पेटीत शिरते. कार्बोरेटर दहा वेळा धुतला तरी हे दुखणे जात नाही.

चौथी पायरी पेट्रोलची. जुने पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट थर ठेवते. तो थर प्रथम पायलट जेटमध्येच बसतो, कारण सर्वांत बारीक वाट तीच. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि पाणी प्रमाणाबाहेर झाले की दोन्ही मिळून वेगळी होऊन टाकीच्या तळाशी बसतात. म्हणून तळातले थोडे पेट्रोल काचेच्या बरणीत काढून पाहावे. दोन थर दिसले तर टाकी पूर्ण रिकामी करावी. टाकीच्या झाकणाची हवेची वाटही तपासावी. ती बंद असेल तर गाडी काही मिनिटे उत्तम चालते आणि मग मरते. झाकण उघडले की पुन्हा जिवंत होते. किती कार्बोरेटर या एका बंद छिद्रापायी विनाकारण खोलले गेले असतील, त्याची गणती नाही.

पाचवी पायरी केबलची. दोन कार्बोरेटर असतील तर दोन्ही झडपा एकाच क्षणी उचलल्या गेल्या पाहिजेत. एक आधी आणि दुसरी मागाहून उठत असेल, तर मंद गतीवर एक नळकांडे काम करते आणि दुसऱ्याला पाठीवर वाहते. काही गाड्यांत झडप अडकल्यास इंजिन बंद करणारा सुरक्षेचा स्विच असतो. केबलची ढील चुकीची असेल तर तो मंद गतीवर ठिणगीच तोडतो आणि आपण पेट्रोल शोधीत बसतो.

सहावी पायरी ठिणगीची. जुन्या इंजिनात पॉइंट आणि कंडेन्सर असतात. पॉइंट जळलेले असले की मंद गतीवर ठिणगी दुबळी पडते. त्यानंतरच्या इलेक्ट्रॉनिक पद्धतीत काही ठिकाणी कमी फेऱ्यांसाठी एक आणि अधिक फेऱ्यांसाठी दुसरे असे वेगवेगळे वेटोळे असते. कमी फेऱ्यांचे वेटोळे दुबळे झाले की गाडी चालू होण्यास कुरकुरते, मंद गतीवर मिसिंग करते आणि वेगात मात्र उत्तम पळते. लक्षण हुबेहूब तुंबलेल्या जेटचे, कारण अगदी वेगळे. म्हणूनच लक्षणावरून थेट निकाल देऊ नये.

सातवी पायरी दाबाची. दोन्ही नळकांड्यांचे कॉम्प्रेशन मोजावे; दोन आकड्यांत फार अंतर नको. त्यानंतर, तरीही संशय उरल्यास, क्रँककेसची हवाबंदी तपासावी. आत येण्याची आणि बाहेर जाण्याची तोंडे बुचांनी बंद करून हातपंपाने दर चौरस इंचाला सहा पौंडांच्या आसपास हलका दाब भरावा आणि काही मिनिटे काटा पाहावा. काटा उतरू लागला तर सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे जेथे, चोर तेथे. कार्बोरेटरच्या रबरी बुडाची भेग, नळकांड्याखालचे गॅस्केट, क्रँकच्या टोकाचे सील, ही नेहमीची ठिकाणे.

एक प्रसंग येथे सांगणे उचित होईल. एका हिवाळ्यात एक वृद्ध गृहस्थ आपली १९७० च्या दशकातली गाडी घेऊन माझ्या शेडमध्ये आले. पेशाने ते निवृत्त खाणकामगार. गोठलेल्या तळ्यापलीकडे त्यांची मासेमारीची झोपडी होती. गाडी थंड असताना छान चालू होई. तापली की रेस सोडल्यावरही फेरे लवकर उतरत नसत, वरच रेंगाळत आणि मग एकदम गाडी बंद पडे. कोणीतरी झडपेचा स्क्रू दोन फेरे पिळून ठेवला होता. ते म्हणाले, “उद्या पहाटे पलीकडे जायचे आहे. थोडी रेस वाढवून दे, बाकी गाडी वेगात झकास पळते.”

फेरे वर रेंगाळणे हे हवा शिरत असल्याचे जुने लक्षण आहे. चोक ओढताच फेरे खाली आले; म्हणजे मिश्रण कोरडेच होते. एक प्लग तपकिरी, दुसरा पांढरा. कार्बोरेटरची रबरे शाबूत. दाब भरला आणि काटा डोळ्यांदेखत घसरला. मॅग्नेटोच्या बाजूचे फ्लायव्हील काढले तेव्हा मागच्या सीलभोवती साबणाचा फेस उकळू लागला. सीलचे रबर वयोमानाने लाकडासारखे कडक झाले होते. थंड असताना ते कसेबसे धरीत असे आणि तापल्यावर सोडून देई. मी त्यांना त्या रात्री गाडी दिली नाही. ते रागावले, आणि त्यांचा राग रास्त होता, कारण त्यांच्या दृष्टीने गाडी वेगात उत्तम चालत होती.

हा मुद्दा नीट समजून घ्यावा. मंद गतीवर आत येणारी एकूण हवा थोडी, म्हणून चोरवाटेच्या हवेचा वाटा मोठा. दोष कानाला ऐकू येतो. पूर्ण रेसवर एकूण हवा पुष्कळ, म्हणून तो वाटा लहान. दोष ऐकू येत नाही. परंतु ऐकू न येणे म्हणजे नसणे नव्हे. पूर्ण रेसवर पिस्टन सर्वाधिक तापलेला असतो आणि तेथे थोडासा कोरडेपणाही त्याचा माथा वितळवण्यास किंवा त्याला जॅम करण्यास पुरेसा होतो. तसेच दोन-स्ट्रोकमध्ये वंगणही पेट्रोलच्या मिश्रणाबरोबरच येते. मिश्रण कोरडे तर वंगणही कोरडे. म्हणजे मंद गती ही जणू पहारेकऱ्याची हाक आहे. संकट तळ्याच्या मध्यावर येणार असते. सूचना मात्र घराच्या अंगणात मिळते. उणे ३० अंश तापमानात, गोठलेल्या तळ्यावर, एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या पायाखाली ते इंजिन जॅम झाले असते तर चालत परतणे हा एकच उपाय होता, आणि त्या थंडीत त्या वयाच्या माणसाला ते साधेलच असे नाही. सील मिळवून बसविण्यास तीन दिवस लागले. नंतर त्यांनी ते जुने, कडक सील मागून घेतले आणि झोपडीत खिळ्याला टांगून ठेवले, असे त्यांनीच मला सांगितले.

या सर्व पायऱ्या झाल्यावर कार्बोरेटर खोलावा. पायलट जेट साफ करताना त्यात तार घालू नये. आपल्याकडे केबलचा एक तंतू काढून जेट कोरण्याची पद्धत आहे. पितळ मऊ असते. समजा छिद्राचा व्यास ०.४० मिलिमीटर आहे आणि कोरताना तो ०.४४ झाला. वाढ दिसायला नगण्य. परंतु क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे छिद्र एकवीस टक्क्यांनी मोठे झाले. वर्गाचा हा नियम आपण याच शाळेत फळ्यावर शिकलो; तो पितळेच्या तुकड्यातही तितकाच लागू आहे. जेट द्रावणात भिजवावे, दाबाच्या हवेने फुंकावे आणि उजेडाकडे धरून आरपार गोल छिद्र दिसते का ते पाहावे. शंका असेल तर नवे घालावे. तरंगणारा फ्लोट आणि त्याची सुई नीट बंद होते ना, तेही पाहावे. ती गळत असेल तर पेट्रोलची पातळी वाढते आणि इंजिन ओले होऊन मंद गतीवर गुदमरते.

आणि आता, सर्वांत शेवटी, स्क्रू. हवेचा स्क्रू प्रथम हलक्या हाताने पूर्ण आत नेत फेरे मोजावेत आणि मूळ आकडा वहीत लिहून ठेवावा. न लिहिता फिरविलेला स्क्रू म्हणजे पुसून टाकलेला पुरावा. या जुन्या गाड्यांवर सर्रास आढळणाऱ्या मिकुनी कार्बोरेटरमध्ये हा स्क्रू हवा नियंत्रित करतो. बाहेर काढला की मिश्रण कोरडे, आत नेला की ओले. सुरुवातीची जागा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते, बहुधा एक ते दीड फेऱ्याच्या आसपास. इंजिन पूर्ण तापल्यावर स्क्रू पाव फेऱ्याने आतबाहेर करून, इंजिन जेथे सर्वांत एकसुरी आणि मोकळे चालते ती जागा धरावी. मग झडपेच्या स्क्रूने फेरे पुस्तिकेतील आकड्यावर आणावेत. सारे काही ठीक असेल तर हे काम पाच मिनिटांचे आहे. स्क्रूने जमत नसेल तर समजावे की आधीची एखादी पायरी अपुरी राहिली आहे.

एक सावधगिरी मात्र राहिली. हवेची घनता तापमानाप्रमाणे बदलते. शेडमध्ये १५ अंश उष्णता असते आणि बाहेर उणे ३०. निरपेक्ष मापात २८८ आणि २४३. भागाकार केला तर बाहेरची हवा सुमारे अठरा टक्क्यांनी दाट आढळते. शेडमध्ये अचूक बसविलेले मिश्रण बाहेर जाताच कोरडे होते. म्हणून अंतिम जुळवणी बाहेर, प्रत्यक्ष थंडीत करावी. याउलट गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २६५० मीटर उंचीवर आहे. तेथे उंचीमुळे हवा विरळ, म्हणून मिश्रण ओले होण्याकडे कल. थंडीमुळे हवा दाट, म्हणून कोरडे होण्याकडे कल. दोहोंचा हिशेब मांडूनच जेट निवडावे लागते. सडबरीचा आकडा गुलमर्गला चालत नाही. दुसऱ्याच्या अनुभवाचे उत्तर उसने घेता येते, पण प्रश्न आपल्याच हवेत सोडवावा लागतो.

ही जुनी इंजिने आता मावळतीला लागली आहेत, आणि त्याला सबळ कारण आहे. साध्या दोन-स्ट्रोक इंजिनात न जळलेले पेट्रोल धुराबरोबर बाहेर पडते, हवा बिघडते. अमेरिकेतील येलोस्टोन राष्ट्रीय उद्यानासारख्या ठिकाणी कमी धुराच्या आणि कमी आवाजाच्या गाड्यांचेच बंधन आले. आपल्याकडेही दोन-स्ट्रोकच्या स्कूटर आणि मोटारसायकली प्रदूषणाच्या नियमांपुढे रस्त्यांवरून निघून गेल्या. मी त्यांच्यासाठी अश्रू ढाळणार नाही. नवी इंजिने चांगली आहेत. संगणक दोषाचा क्रमांकही सांगतो. पण तो क्रमांक हे लक्षण असते, कारण नव्हे. हवा अधिक शिरत आहे असे यंत्र सांगेल; कोणते रबर फाटले आहे ते शोधण्यास अजूनही डोळे, कान, साबणाचे पाणी आणि धीर लागतो.

म्हणून शाळेच्या संचालक मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवतो. भंगारात निघालेल्या स्कूटरचे एक दोन-स्ट्रोक इंजिन मिळवावे आणि ते प्रयोगशाळेच्या एका मेजावर कायमचे ठेवावे. त्यात हलणारे मुख्य भाग मोजके असतात. नववीच्या मुलामुलींना ते खोलून पुन्हा जोडता येते. बाष्पीभवन, दाब, घनता, वर्गाचा नियम, विद्युतप्रवर्तन, हे सारे धडे त्या एका लोखंडी ठोकळ्यात आहेत. शेजारी एक वही असावी आणि नियम एकच : काय पाहिले ते लिहिल्याशिवाय कोणीही स्क्रू फिरवायचा नाही. मुलांबरोबर मुलींचेही हात त्यात काळे झाले पाहिजेत, हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये. या मेजाचा खर्च माजी विद्यार्थ्यांनी उचलावा, आणि त्यातला पहिला वाटा माझा असावा, अशी विनंती आहे.

वैद्यक, अध्यापन, शासन, संसार, कोणत्याही क्षेत्रात एखादी व्यवस्था वेगात असताना बरी दिसते आणि निवांत क्षणी धडपडते, असा अनुभव आपणा सर्वांना येतो. अशा वेळी वेग वाढविण्याचा मोह होतो. तेव्हा आधी ऐकावे, विचारावे, पाहावे, लिहावे आणि मगच हात लावावा, एवढेच एका मेस्त्रीला आपल्या व्यवसायातून सुचते.